बदली विदर्भातल्या खेड्यात झाली? आधी घड्याळ बदला

आमच्या घरामागं दोन खोल्या आहेत. शाळा जवळ, बँकही जवळ, त्यामुळं बदलून आलेली माणसं तिथं भाड्यानं राहतात. आधी साताऱ्याकडचे गुरुजी होते, मग रत्नागिरीचा कृषी सहायक आला, सध्या सांगलीची बँकेतली पोरगी आहे. गाव वर्धा जिल्ह्यात, नदीपासून लांब, झाडं बेताची. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. निवृत्त होऊनही गावात अजून सिस्टरच म्हणतात. होळी झाली की या भाडेकरूंना ओसरीवर बसवून जे सांगते, तेच यंदा लिहून काढतेय.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : काकू, कूलर कोणता घेऊ? कूलरचं पुढं सांगतेच. पण उन्हानं आजारी पडून माझ्यासमोर आलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी कूलर होता. चुकलेली होती ती वेळ. बारा ते चारच्या मधे बाहेर निघाले आणि सापडले.

आकडा कसा वाचायचा

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात ४२-४३ अंश म्हणजे रोजचंच. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. हा आकडा सावलीतला, हवा खेळेल अशा पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून रिकाम्या झालेल्या काळ्या वावरात तुम्ही उभे असाल तर तुमच्या वाट्याला त्याहून जास्त येतं.

आता यातली मेख समजून घ्या. मैदानी भागात हवामान खातं उष्णतेची लाट दोन प्रकारे ठरवतं. पारा निदान ४० आणि त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर, नाहीतर सरळ ४५. आमची मे महिन्यातली सरासरीच ४३ च्या घरात, मग साडेचार अंश वर चढायचे तर ४७ ओलांडायला हवेत. म्हणजे ४४ अंशांच्या दिवशी कागदावर लाट नसते, डोक्यावर मात्र ४४ असतात. कोकण किनाऱ्यावर हेच गणित ३७ पासून सुरू होतं. रत्नागिरीच्या पोराला मी म्हटलं, तुझं अंग ३७ चं आहे, तू इथल्या इशाऱ्याची वाट बघू नको. पहिल्या वर्षी ४० च्या पुढचा प्रत्येक दिवस लाटेचाच धरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आकड्यांचं मात्र मनावर घेऊ नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि गावभर फोनाफोनी झाली. पुढं तो यंत्रातला बिघाड निघाला.

पहिले पंधरा दिवस

अंगाला ऊन शिकावं लागतं. घाम लवकर सुटणं, भरपूर सुटणं आणि त्यातून मीठ कमी जाणं, हे सगळं जमायला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून रुजू व्हायची तारीख आपल्या हातात असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. ऊन जसजसं चढेल तसतसे तुम्हीही तयार व्हाल. मे मध्ये थेट गाडीतून उतरणं सर्वांत वाईट.

अंगमेहनतीचं किंवा फिरतीचं काम असेल तर साधा हिशेब ठेवा. पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा उन्हात करायचा, रोज तेवढाच वाढवायचा, पाचव्या दिवशी पूर्ण. साहेबांना हे सांगायला लाज वाटते, मला ठाऊक आहे. तरी सांगा. आणि मधे दहा-बारा दिवस गावी जाऊन आलात तर अंग बरंचसं विसरलेलं असतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

इथली माणसं ‘आम्हाले सवय हाये’ म्हणतील. त्यांची बरोबरी करू नका. खरं तर त्यांच्याही सवयीवर माझा फार विश्वास राहिलेला नाही. सवय होती ती मातीच्या घरांत राहून. त्याचं पुढं सांगते.

गावाचं घड्याळ

उन्हाळ्यात आमचं गाव पहाटे चारला उठतं. वखरणी, वावरातला काडीकचरा वेचणं, गोठा, पाणी भरणं, सगळं नऊ-साडेनऊपर्यंत उरकतं. पूर्वेकडं गोंदिया-गडचिरोलीत मोहफुलं अंधारातच वेचायला जातात, तेंदूपत्ता तोडणारेही पहाटेच जंगलात शिरतात. दुपारी एक ते चार किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली असतं आणि दुकानदार आत चटईवर आडवा. ‘इथले लोक दुपारी झोपतात’ असं पहिल्या महिन्यात सगळेच भाडेकरू हसून सांगतात. मे लागला की तेही झोपतात.

तुमच्या नोकरीची वेळ बदलणार नाही, पण तिच्या आतली कामं इकडची तिकडं करता येतात. शेतभेटी, सर्वे, घरभेटी, वसुली हे दहाच्या आत नाहीतर साडेपाचनंतर. कागदपत्रं दुपारी. ग्रामसभा, बचत गटाची बैठक सकाळी सातला ठेवा, दुपारी ठेवलीत तर तसंही कुणी येणार नाही. शिक्षकांना एक सोय आहे, मार्चपासून शाळा सकाळची होते आणि जूनमध्ये विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आमच्या गुरुजींनी पहिल्या वर्षी सवयीनं १५ जूनच्या हिशेबानं तिकीट काढलं होतं.

आठवडी बाजार उन्हं कलल्यावर करा, भाजी जरा दबलेली मिळेल पण स्वस्तही मिळते.

या सगळ्यात सांभाळायची जागा म्हणजे लग्न. एप्रिल-मे मध्ये गावात नव्या माणसाला प्रत्येक घरचं बोलावणं असतं. मुहूर्त साडेअकरा-बाराचा, तो लागतो एक वाजता. वर कापडी मांडव, बाजूला डीजे, आणि नवरदेवाच्या मित्रांना नेमकं डांबरी रस्त्यावर तासभर नाचायचं असतं. मग तेलकट, तिखट जेवण, पाणी शोधावं लागतं. माझ्या नोकरीत उन्हाचे जितके पेशंट वावरातून आले, जवळपास तितकेच मांडवातून आले असतील. तुम्ही आदल्या संध्याकाळी हळदीला जा, आहेर तिथंच द्या. मान राहतो आणि कुणी रागावत नाही. लग्नाला जावंच लागलं तर घरून लिटरभर पाणी प्यायला न्या, वरातीत शिरू नका, पोटाला थोडी भूक ठेवून उठा.

खोली बघताना

जुनी घरं हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींची, वर कौलं, मधे लाकडी माळा, पुढं ओसरी. अकोला-बुलढाण्याकडं धाब्याची घरं, छतावर मातीचा थर. दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि अंगाला गार वाटायचं. आता सगळीकडं सिमेंटचा स्लॅब किंवा टिना. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. टिना लवकर तापतो, लवकर निवतो, पण दुपारी त्याच्याखाली बसवत नाही. एवढं तापणाऱ्या मुलखानं अशी घरं का बांधली, याला ‘पक्कं घर’ या दोन शब्दांशिवाय मला उत्तर सापडलेलं नाही. आमच्या मागच्या खोल्याही स्लॅबच्याच, हे कबूल करते.

म्हणून खोली बघायला सकाळी जाऊ नका. रात्री आठला जा आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर पंजा टेकवा. हात काढून घ्यावासा वाटला तर ती खोली सोडा. वरच्या मजल्यापेक्षा खालची बरी. समोरासमोर दोन खिडक्या हव्यात, अंगणात निंब असला तर भाडं दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

खोली घेतलीत की मार्चअखेर स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. चुना आदल्या रात्री भिजवायचा, त्यात थोडा गोंद, आणि झाडूनंच ओढायचा. घरमालक नको म्हणणार नाही, खर्च किरकोळ आहे. टिनाचं छत असेल तर आतून बांबूच्या ताट्या नाहीतर जुन्या साड्या ताणून बांधा, मधली हवा उपयोगी पडते. काही जण टिनावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरतात. गारवा मिळतो, पण वाळलेलं ते सगळं जळण आहे. शेजारच्या चुलीची एक ठिणगी पुरे. मी तो सल्ला देत नाही.

दिवसा नऊच्या आत खिडक्या-पडदे बंद, उन्हं उतरल्यावर सताड उघड्या. एवढंच नीट केलं तरी फरक कळतो. झोपायला गच्ची किंवा अंगण बरं, मच्छरदाणी लावून. गारव्याला फक्त तुम्हीच शोधत नसता, विंचूही शोधत असतो. माठाखाली, कूलरखाली, बुटात हात घालण्याआधी पाहा.

कूलर

कूलर आमच्याकडं चालतो याचं कारण मे मधली कोरडी हवा. ओल्या ताट्यांमधून ती जाताना पाणी उडतं आणि हवा गार होते. म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणं ही नवख्यांची हमखास चूक. आतली दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली चिकचिकते. कूलर खिडकीबाहेर, सावलीत. वाळ्याच्या ताट्यांना वास छान येतो, साध्या गवताच्या स्वस्त पडतात. दोन्ही दर वर्षी बदला, खाऱ्या पाण्यात त्या लवकर कडक होतात.

आता विजेचं. कूलरचा पत्रा, पाणी आणि ओला हात एकत्र आले की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. एका सकाळी कूलर चालू असतानाच बादलीनं पाणी ओतत होते. हाताला असा झटका बसला की बादली अंगणात आणि मी भिंतीला. पायात रबरी चप्पल होती म्हणून आज लिहितेय. उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात, लहान मुलं तर खेळता खेळता पत्र्याला हात लावतात. पाणी भरायच्या आधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग, आणि जमलं तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-संरक्षक स्विच. तो कूलरपेक्षा खूप स्वस्त येतो. पत्र्याऐवजी प्लॅस्टिकच्या अंगाचा कूलर घेतलात तर उत्तम.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंगीचे डास तिथंच वाढतात.

आणि ‘लाईन’ जाणार. ती दुपारी दोनलाच जाते असा आमचा अनुभव. तेव्हा ओला पंचा अंगावर आणि हातपंखा. नुसत्या पंख्यावर फार भिस्त ठेवू नका. हवा ४० च्या पुढं तापली की कोरड्या अंगावर पंखा गरम वाराच फेकतो. अंग ओलं असेल तर तोच पंखा कामाचा.

पाणी आणि पोट

तहान लागण्याची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो, म्हाताऱ्यांना तर तहान कळतही नाही. लघवीकडं लक्ष ठेवा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी झाली किंवा जळजळ झाली (आमच्याकडं याला उन्हाळी लागली म्हणतात) तर पाणी कमी पडतंय. उन्हात काम असेल तर दर वीस मिनिटांनी पेलाभर. बायका बाहेर सोय नसते म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, बँकेतल्या पोरीलाही तीच सवय होती. लाजू नका, ओळखीचं घर शोधून ठेवा.

घाम खूप गेला असेल तर ओआरएस. पुडी आशाताईंकडं मिळते, लिटरभर पाण्यात पूर्ण टाकायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा लहान. दुकानातली डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच खारट, तिथं ओआरएस गोड्या पाण्यातच करा.

बाकी घरोघरी आहेच : उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, कैरीचं पन्हं, चिंचोणी (चिंच-गुळाचं पाणी), पातळ ताक, ज्वारीची आंबील. टरबूज म्हणजे तुमचं कलिंगड आणि डांगर मागितलंत तर खरबूज मिळेल, गोंधळू नका. कांदा भाकरीबरोबर खा. खिशात ठेवलात तर वजन होईल, ऊन अडणार नाही, पण आजीनं प्रेमानं दिला तर घ्या. उन्हातून आल्या आल्या गार पाणी प्यायलं की माणूस दगावतो, असं गावात म्हणतात. तसं काही नसतं. घटाघटा ढोसलं तर उलटी होते, इतकंच. घोट घोट प्या. बर्फगोळ्याचा बर्फ निळसर दिसला तर तो खायचा नाही, कारखान्याच्या वापराचा असतो.

रक्तदाबाची, विशेषतः लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, आपल्या मनानं बंद करू नका. इन्सुलिन वापरणाऱ्यांनी फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. आमच्या कोरड्या हवेत हे चांगलं निवतं.

बाहेर पडावंच लागलं तर

सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. डोक्याला आणि कानांना दुपट्टा किंवा शेला गुंडाळा, निघताना ओला करून. मोटारसायकलवर वारा लागतो म्हणून गार वाटतं, ती फसवणूक आहे. तो वारा घाम दिसू न देता अंगातलं पाणी नेतो. चाळीस किलोमीटरचा पल्ला असेल तर मधे एका पाणपोईवर थांबाच. गाडीत मूल ठेवून ‘दोन मिनिटांत’ दुकानात जायचं नाही. एकट्यानं वावरात जाताना कुणालातरी सांगून जा.

लागलं तर

पिंडऱ्यांत गोळे, डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, गळून गेल्यासारखं वाटणं, इथवर असेल तर सावली, ओआरएस आणि पूर्ण विश्रांती. त्या दिवशी पुन्हा उन्हात जायचं नाही. तासाभरात उतार पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र.

खरी धोक्याची खूण डोक्यात असते. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या देतो, अंग भाजल्यासारखं तापतं. घाम असेल किंवा नसेल, त्यावर जाऊ नका. आमच्या गावात एक काका बाजारातून परतताना रस्त्याच्या कडेला बसले, काहीबाही बोलत होते. येणारे-जाणारे ‘पेऊन हाये’ म्हणून पुढं गेले. काका कधी थेंब घेत नव्हते. माझ्यापर्यंत निरोप आला तेव्हा पाऊण तास गेला होता. वाचले, पण पुढं कित्येक महिने त्यांना धड चालता येत नव्हतं. तेव्हापासून मी एकच सांगते, मे महिन्यात दुपारी कुणी झोकांड्या देताना दिसला तर आधी ऊन समजा, दारू नंतर.

अशा वेळी क्रम असा. एकानं १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्यानं माणूस सावलीत न्यायचा, कपडे सैल करायचे, काढता येतील ते काढायचे. मग पाणी, मिळेल तितकं, डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहायचं आणि जोरजोरात वारा घालायचा. वावरातल्या मोटारीचा पाइप असेल तर त्याखालीच झोपवा. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत. गाडी येईपर्यंत थांबवायचं नाही, गाडीतही चालू ठेवायचं. दवाखान्यात पोचण्याआधीची ही वीस-तीस मिनिटंच निकाल लावतात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून श्वासात जातं. कुशीवर झोपवा. तापाची गोळी देऊ नका, हा ताप त्या गोळीनं उतरत नाही. कांद्याचा रस तळपायांना चोळायला कुणीतरी येईलच. चोळू द्या, पण त्यांच्या हाती आधी पाण्याची बादली द्या.

नवतपा आणि पुढं

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नऊ दिवसांचा नवतपा. रजा शिल्लक असेल तर ती इथं वापरा.

त्यानंतर पारा दोन-तीन अंश उतरतो आणि नवखा माणूस सुटलो म्हणतो. तिथंच पुन्हा गफलत होते. मृगाच्या आसपास हवेत ओल येते, घाम वाळत नाही, कूलर नुसताच भिजलेला वारा देतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उन्हानं १४ माणसं गेली, तेव्हा पारा ३८ च्या आसपासच होता, पण हवा किनाऱ्याकडची, दमट. अशा दिवसांत कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, खिडक्या उघड्या ठेवा, दिवसातून दोनदा अंघोळ करा आणि पाण्याचं वेळापत्रक मे सारखंच राहू द्या. पेरणीची घाई असते, शेतकरी याच दिवसांत भर दुपारी वावरात उतरतो. कृषी सहायकांनो, तुम्हीही त्याच्या मागं उतरता.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की कूलरची टाकी कोरडी करा, ताट्या काढून टाका, मोटर जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर. पिन काढलेली आहे ना, ते पाहून मगच हात लावा.